समोरच्या माणसामागची माणसं

अगं, जपानी कंपनीशी पहिल्यांदाच व्यवहार करतेयस, म्हणून चार गोष्टी सांगून ठेवतो. कमरेत किती वाकायचं, चॉपस्टिक कशा धरायच्या, हे कुणीही शिकवेल. त्यात थोडं इकडेतिकडे झालं तरी परक्या माणसाला ते सांभाळून घेतात. तू एवढंच ध्यानात धर, की समोर बसलेला जपानी माणूस एकटा नसतो. त्याच्यामागे खरेदी, गुणवत्ता, उत्पादन, हिशेब अशी खाती असतात आणि तुझं म्हणणं त्याला त्या सगळ्यांच्या गळी उतरवायचं असतं. त्याचं ते काम सोपं कर.

बैठकीत निकाल मागू नकोस. तिथे प्रस्तावाचा कागद खालून वर खात्याखात्यांतून फिरतो, प्रत्येकाची संमती त्यावर पडते. त्याला रिंगी म्हणतात. त्याआधी एकेकाला गाठून शंका मिटवून घ्यायच्या, ती नेमावाशी. म्हणून ड्रॉइंग, आकडे, तक्ते बैठकीच्या आठवडाभर आधी पाठव. मग प्रश्नांची लांबलचक यादी येईल, एकच प्रश्न तीनदाही येईल. चिडू नकोस, तो तीन वेगळ्या खात्यांनी विचारलेला असतो. तिघांनाही उत्तर तेच जायला हवं, दशांश चिन्हापर्यंत तेच. ठरायला महिने लागतात, पण एकदा ठरलं की सगळी खाती एकदम कामाला लागतात. तेव्हा "जरा वेळ द्या" म्हणायची पाळी आपल्यावर येऊ देऊ नकोस.

तोंडावर "नाही" क्वचितच ऐकू येईल. "जरा अवघड आहे", "विचार करून कळवतो", किंवा दातांमधून श्वास आत ओढून मान तिरकी करणं, हा बहुतेक वेळा नकारच. मान डोलावली म्हणजे ऐकलं. पटलं असं समजू नकोस. आणि समोरचा गप्प बसला, तर तूही गप्प बस. आपली माणसं त्या शांततेला घाबरून आपणहून भाव उतरवतात. तो मात्र आपल्या खात्यांत परत जाऊन कुणाला काय सांगायचं, याची जुळवाजुळव करत असतो. खरी अडचण बैठकीनंतर, लिफ्टपर्यंत चालताना किंवा रात्री जेवताना विचार, तीही एकट्याला. चारचौघांत त्याला पेचात पकडायचं नाही.

"होऊन जाईल" हे शब्द विसर. माल गुरुवारी निघणार नसेल, तर सोमवारी शंका आली त्याच दिवशी कळव, उपाय सापडला नसला तरी. उशीर झाल्यावर केलेल्या खुलाशापेक्षा आधी दिलेली वाईट बातमी तिथे जास्त मोलाची. तुझ्या माणसालाही ती वरच्यांना वेळेत सांगता येते, त्याचं नाक कापलं जात नाही. काम सुरळीत चाललं असलं तरी मधूनमधून दोन ओळी पाठवत राहा.

न विचारता काही बदलू नकोस, हे तर शॉप फ्लोअरवर लिहूनच ठेव. माणूस, मशीन, माल, पद्धत यांतलं काहीही बदललं की तो फोर एम चेंज. पार्ट मापात बसतोय, मग कशाला कळवायचं, असं आपले लोक म्हणतात. पण बार पुरवणारा बदलला किंवा एक ऑपरेशन दुसऱ्या मशीनवर हलवलं, तरी आधी लेखी कळवून मंजुरी घ्यायची.

रिजेक्शन आलंच, तर "ऑपरेटर नवा होता, समज दिली आहे" असं उत्तर धाडू नकोस. ते परत येईल. त्यांना दोन वेगळी कारणं हवी असतात: दोष निर्माण का झाला, आणि निर्माण झाल्यावर आपल्या तपासणीतून निसटला कसा. साकिची तोयोदांच्या नावाने सांगितली जाणारी "का?" पाच वेळा विचारण्याची रीत तिथे रोज वापरतात. माणसाकडे बोट दाखवून थांबलीस, तर तू खोलात गेलीच नाहीस असा अर्थ निघतो.

आता वरवरच्या गोष्टी. कार्ड दोन्ही हातांनी घे, वाच, आणि बसल्याच्या क्रमाने टेबलावर मांड; कोण कोणत्या खात्याचा हे डोळ्यांसमोर राहतं. आडनावापुढे "सान" लाव, स्वतःच्या नावापुढे कधीच नाही. भेट एका साहेबासाठी महागडी नेऊ नकोस. सगळ्या विभागात वाटता येईल अशी, सुट्या छोट्या पुड्यांची बाकरवडी उत्तम. शाकाहारी आहेस हे काही दिवस आधी कळव आणि मासेही चालत नाहीत, हे स्पष्ट लिही. भाज्यांच्या रश्श्यातसुद्धा बहुधा माशांचा अर्क असतो. एप्रिल-मेच्या संधीवरचा गोल्डन वीक, ऑगस्टच्या मध्यावरचा ओबोन आणि नववर्षाचा आठवडा आपल्या डिस्पॅचच्या वेळापत्रकात आधीच मांडून ठेव. त्या दिवसांत मंजुरीला कुणी सापडत नाही.

शेवटचं. बऱ्याच कंपन्यांत एप्रिलमध्ये बदल्या होतात. दोन-तीन वर्षं जपलेला माणूस एका पत्रासरशी दुसऱ्या खात्यात जातो आणि आपले लोक हवालदिल होतात. तसं होऊ देऊ नकोस. प्रत्येक बैठकीचं टिपण त्याच दिवशी लिहून दोन्ही बाजूंना पाठव, आणि बदली कळली की जुन्या-नव्या दोघांना एकत्र भेट. नव्या माणसाने तुला पाहिलेलं नसतं, पण तुझे सगळे जुने रिपोर्ट, उशीर झाल्याचे आणि वेळेत कळवल्याचेसुद्धा, त्याच्या फायलीत असतात. पुढची ऑर्डर तो ती फाईल वाचून देणार आहे.