माध्यम कायद्याचा अध्यापक : ज्ञानशाखा, कारकीर्द आणि लोकहित

वृत्तपत्राची किंमत किती असावी, हा वरकरणी अर्थशास्त्राचा प्रश्न. त्याचे उत्तर मात्र १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यघटनेच्या कलम १९ मध्ये शोधले. केंद्र सरकारच्या १९६० च्या आदेशाने दैनिकांची किंमत पृष्ठसंख्येशी निगडित केली होती. अनिष्ट स्पर्धेपासून लहान वृत्तपत्रांना संरक्षण देणे, हा त्यामागील हेतू. पुण्याच्या ‘सकाळ’ने या आदेशाला आव्हान दिले. किंमत वाढवल्यास खप घटतो आणि पाने कमी केल्यास मजकूर घटतो. दोन्ही परिस्थितींत अभिव्यक्तीच आकसते, असे न्यायालयाने मानले आणि आदेश रद्दबातल ठरवला. भाषणस्वातंत्र्यावर कलम १९(२) मधील कारणांसाठीच निर्बंध घालता येतात. व्यवसायस्वातंत्र्यासाठी कलम १९(६) मध्ये असलेले ‘सर्वसामान्य जनतेचे हित’ हे कारण तेथे लागू करता येत नाही, हे या निकालाचे सार होय.

ज्ञानशाखेची व्याप्ती

अर्थकारण, तंत्रज्ञान आणि मूलभूत हक्क यांचा असा संगम उलगडून दाखवणे, हे माध्यम कायद्याच्या अध्यापकाचे काम. बेनेट कोलमन खटल्यात (१९७२) वृत्तपत्रीय कागदाच्या वाटप धोरणातील पृष्ठमर्यादा रद्द झाली. १९९५ मध्ये ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असून तिच्यावर सरकारची मक्तेदारी नसावी, तसेच तिचा वापर लोकहितासाठी नियंत्रित असावा, असा निर्णय झाला. २०१५ मध्ये माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ६६अ घटनाबाह्य ठरले. १८६७ च्या नोंदणी कायद्याची जागा घेणारा प्रेस व नियतकालिक नोंदणी अधिनियम, २०२३ हा १ मार्च २०२४ पासून अमलात आला. कागदापासून संगणकाच्या पडद्यापर्यंतचा हा प्रवास अध्यापकाला सतत अभ्यासावा लागतो.

कारकिर्दीचा मार्ग

विधी पदवी, त्यानंतर पदव्युत्तर पदवी आणि राष्ट्रीय पात्रता परीक्षा अथवा विद्यावाचस्पती ही पदवी, असा हा सर्वसाधारण मार्ग आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत सहायक प्राध्यापकपदासाठी पदव्युत्तर पदवीत किमान ५५ टक्के गुणांची अट असून आरक्षित प्रवर्गांना सवलत आहे.

हा मार्ग वर्गातच संपतो असे नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम १२(५) नुसार विधी, पत्रकारिता, जनसंपर्क माध्यमे आदी क्षेत्रांतील नामवंत व्यक्ती केंद्रीय माहिती आयुक्त होऊ शकतात. हैदराबादच्या नॅलसार विधी विद्यापीठात माध्यम कायदा शिकवणारे प्रा. माडभूषी श्रीधर आचार्युलू यांनी २०१३ ते २०१८ या काळात हे पद सांभाळले.

संधीव्ययाचा प्रश्न

एका गोष्टीच्या निवडीसाठी जे सोडावे लागते, त्यास अर्थशास्त्रात संधीव्यय म्हणतात. पूर्णवेळ वेतनाची नोकरी पत्करणाऱ्यास वकिली थांबवावी लागते. वकिलास अध्यापनाची मुभा आहे, पण १९७९ च्या नियमांनुसार दिवसाला तीन तासांपर्यंतच. त्यामुळे वकिलीत भरघोस उत्पन्नाची शक्यता असलेल्या बुद्धिमान पदवीधराला अध्यापनाची निवड महाग पडते. त्याच्या अध्यापनाचा लाभ मात्र संपूर्ण समाजाला होतो. असा लाभ बाजार पुरेसा मोजत नाही, म्हणून तेथे सार्वजनिक गुंतवणूक समर्थनीय ठरते.

तालुक्याच्या गावी बातमीदारी करणाऱ्यास अब्रुनुकसानीची नोटीस येते, तेव्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मधील अपवाद त्याला त्याच्या भाषेत समजावून देणारा कोणीतरी हवा असतो. सत्य असलेली आणि लोकहितासाठी प्रसिद्ध केलेली बातमी गुन्हा ठरत नाही, एवढे ज्ञानही त्याला धीर देऊ शकते. हे ज्ञान महानगरांतील विधी विद्यापीठांपुरते राहिले, तर घटनेने दिलेले स्वातंत्र्य त्याच्यासाठी कागदावरच राहील. परीक्षार्थींनी वरील निकाल केवळ सनावळीसाठी पाठ न करता या दृष्टीने अभ्यासावेत.