पुनर्विकासाच्या करारातले पाणी

मुंबईतल्या जुन्या सोसायटीचा पुनर्विकास होतो तेव्हा भूखंड आणि गच्ची जवळपास तेवढीच राहते, माणसे मात्र तिपटीने वाढतात. 40 घरांच्या जागी 120 घरे आली आणि घरटी 5 माणसे धरली, तर माणशी 135 लिटर या प्रचलित मानकाने रोज 81 हजार लिटर पाणी लागते. तरीही सभासदांचा खल चालतो तो कार्पेट एरिया, भाडे आणि कॉर्पस यांवर. पाण्याचा विषय ‘नियमाप्रमाणे’ या एका शब्दात आटोपतो आणि टँकरचे बिल तिथेच ठरून जाते.

नियम जुना आहे. मुंबईत 2002 पासून 1,000 चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडांवरील नव्या बांधकामांना पर्जन्यजल संधारण सक्तीचे झाले. 2007 मध्ये ही मर्यादा 300 चौरस मीटरवर आली. पण नियम पाळला म्हणून पाणी पुरत नाही. 500 चौरस मीटरच्या गच्चीवर 2,200 मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याचा पाचवा हिस्सा वाया गेला, तरी 8 लाख 80 हजार लिटर हाती येतात. वरच्या इमारतीला ते जेमतेम 11 दिवस पुरतील, आणि तो पाऊसही बहुतेक सगळा चार महिन्यांतच पडतो. एवढे पाणी साठवायला टाक्या कुठे बांधणार? म्हणून बरेचसे जमिनीत मुरवावे लागते.

नेमकी मुरवण्याची जागाच पुनर्विकासात जाते. तळघर आणि पोडियम भूखंडाच्या कडेपर्यंत पोचतात. खालचा काळा कातळ भेगा असतील तिथेच पाणी घेतो. नकाशात उरलेल्या कोपऱ्यात काढलेला शोषखड्डा त्यामुळे पहिल्याच पावसाळ्यात तुंबतो. पायासाठी खडकाची तपासणी होते तेव्हाच पाणी मुरण्याची चाचणीही करून घ्यावी. आवारात जुनी विहीर असेल तर ती कदापि बुजवू देऊ नये. पुनर्भरणाला तिच्यासारखी जागा नाही. समुद्राजवळ बोअरवेलच्या भरवशावर राहणे धोक्याचे, कारण उपसा वाढला की खारे पाणी आत शिरते.

खरा बारमाही आधार सांडपाण्याचा. 135 पैकी सुमारे 45 लिटर फ्लशलाच जातात, म्हणजे या इमारतीत रोज 27 हजार लिटर. तेवढी गरज अंघोळीच्या आणि कपडे धुण्याच्या पाण्यावर प्रक्रिया करून भागते, मात्र त्यासाठी संडासाच्या टाक्यांची पाइपलाइन पहिल्यापासून वेगळी हवी. ती मागाहून टाकायची तर घरोघरी फरशा फोडाव्या लागतात. दोन्ही पाइपांचे रंगही वेगळे ठेवावेत, नाहीतर पुढच्या दुरुस्तीत प्लंबर प्रक्रिया केलेले पाणी स्वयंपाकघराच्या नळाला जोडून बसतो.

प्रक्रिया केंद्रे बंद पडतात ती बहुधा ताबा मिळाल्यानंतर: वास येतो, वीजबिल डोळ्यांवर येते, चालवणारा माणूस राहत नाही. निदान पहिली दोन-तीन वर्षे केंद्र चालवण्याची जबाबदारी विकसकाची, पाण्याची नियमित तपासणी आणि प्रत्येक घराला स्वतंत्र मीटर, ही तिन्ही कलमे करारनाम्यात असावीत. सोसायटीने नेमलेल्या प्रकल्प सल्लागाराकडून पाण्याचा लेखी ताळेबंद निविदा काढण्यापूर्वीच मागून घ्यावा.