फौजी घरी आला, झोप मात्र आली नाही

१९४१ साली बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. फौजेची नोकरी आपल्या समाजाला त्याआधीपासूनच ठाऊक आहे. फौजीची पदके सगळे पाहतात, त्याची मोडलेली झोप फक्त घरच्यांना दिसते.

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीत भूकंपाचे धक्के सुरू झाले. समजा, अशाच एका रात्री जमिनीतून धडाड आवाज आला. सगळे बाहेर धावले आणि थोड्या वेळाने झोपले. पण लढाईत तोफा ऐकून आलेले वडील पहाटेपर्यंत ओट्यावर घामाघूम बसून राहिले. शेजारी हसले, "एवढे फौजी आणि घाबरले!"

हा भित्रेपणा नाही. लढाईत जीव वाचवणारी सावधगिरी घरी आल्यावरही उतरत नाही. दचकणे, वाईट स्वप्ने, चिडचिड, माणसे टाळणे हे महिन्याहून अधिक चालले, तर तो पीटीएसडी हा आजार असू शकतो. समुपदेशनाने आणि गरज पडल्यास औषधाने तो आटोक्यात येतो.

घरच्यांनी एवढे करावे:

- झोपेत दचकल्यास अंगाला हात लावू नका. दिवा लावा, लांबून हाक मारा.
- लढाईबद्दल खोदून विचारू नका. ते बोलू लागले तर मध्ये न तोडता ऐका.
- ताडी-दारूने डोळा लागतो, पण झोप तुटते आणि त्रास वाढतो. पाचवे शील इथे पथ्यच आहे.
- टेलिमानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मराठीत बोलता येते.
- मरणाची भाषा केली तर एकटे सोडू नका. लगेच सरकारी रुग्णालयात न्या.