रमाबाई नावाच्या चौघी

रमा हे लक्ष्मीचे एक नाव. लक्ष्मी घरात नांदावी असे कोणाला वाटत नाही? म्हणून आपल्याकडे मुलींना रमा म्हणत, आणि लग्न झाले की तिची रमाबाई होई. एकेका गावात चार-चार रमाबाई सापडत. गाव त्यांची ओळख आपल्या रीतीने पटवून घेई. ही वरल्या आळीची, ती सुताराची, तिसरी विहिरीजवळची. तोंडी व्यवहारात एवढे पुरे होते.

कागदावर मात्र ते पुरत नाही. कागदाला वरली आळी ठाऊक नसते. म्हणून दाखल्यावर, सात-बारावर, बँकेच्या पुस्तकात नाव पूर्ण लिहावे लागते. आपले नाव, मग वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव, मग आडनाव. मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने आणखी एक निर्णय केला. मुलाच्या नावापुढे आधी आईचे नाव लिहायचे, मग बापाचे. बरे झाले. उशिरा झाले, पण झाले.

इतिहासाचेही असेच आहे. आपण पुस्तकात वाचतो, भाषणात ऐकतो, की रमाबाईंनी अमुक केले. पण कोणत्या रमाबाईंनी? महाराष्ट्रात या नावाच्या चार स्त्रिया मोठ्या होऊन गेल्या. एकीचे काम दुसरीच्या नावावर सांगणारे वक्ते मी शाळेच्या समारंभात पुष्कळ ऐकले आहेत. तसे तुमचे होऊ नये म्हणून हा धडा.

पहिल्या रमाबाई पेशव्यांच्या. थोरले माधवराव पेशवे हे त्यांचे यजमान. पानिपतानंतर खचलेले राज्य माधवरावांनी सावरले. पण त्यांना क्षयाने गाठले. पुण्याजवळ थेऊरला चिंतामणी गणपतीचे देऊळ आहे. तिथे १८ नोव्हेंबर १७७२ रोजी ते वारले. वय पुरते अठ्ठावीसही नव्हते. रमाबाई त्यांच्या मागे सती गेल्या. थेऊरला नदीकाठी त्यांचे स्मारक आहे, लोक तिथे हात जोडतात. रणजित देसाई यांच्या ‘स्वामी’ या कादंबरीमुळे त्यांचे नाव घरोघर गेले. पण विचार करा, मंडळी. एवढ्या मोठ्या घरची बाई, आणि तिच्याबद्दल आपल्याला पक्के ठाऊक काय? ती कोणाची बायको होती आणि ती कशी मेली, एवढेच. तिच्या मनात काय होते ते कोणी लिहून ठेवले नाही. इंग्रज सरकारने सतीची चाल पुढे १८२९ साली बंगालात कायद्याने बंद केली, आणि मग इतर इलाख्यांत.

दुसऱ्या रमाबाई रानडे. यांच्याबद्दल आपल्याला पुष्कळ ठाऊक आहे, कारण यांनी स्वतःच लिहून ठेवले. सांगली जिल्ह्यात देवराष्ट्रे म्हणून गाव आहे. तिथे कुर्लेकरांच्या घरी २५ जानेवारी १८६२ रोजी यांचा जन्म झाला. माहेरचे नाव यमुना. १८७३ साली अकरा वर्षांच्या यमुनेचे लग्न महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाले, आणि ती रमाबाई झाली. रानडे तेव्हा एकतीस वर्षांचे. मोठे विद्वान, सरकारी न्यायखात्यात नोकरीला. पहिली बायको नुकतीच वारलेली.

इथे एक गोष्ट लपवून चालणार नाही. रानडे विधवाविवाहाचे पुरस्कर्ते होते. लोकांना वाटले, हे आता एखाद्या विधवेशी लग्न करतील. पण वडिलांनी हट्ट धरला आणि रानडे नमले. अकरा वर्षांची मुलगी घरात आली. लोक हसले, आणि त्यांचे हसणे खोटे नव्हते. मोठ्या माणसाचाही पाय घरच्या उंबऱ्यात अडखळतो.

पण पुढे रानड्यांनी केले ते फार चांगले केले. मुलीला अक्षरओळख नव्हती. त्यांनी पाटी-पेन्सिल दिली आणि स्वतः शिकवायला बसले. दिवसा कचेरी, रात्री धडा. आधी मराठी, मग इंग्रजी. त्या काळी लिहिणारी बाई विधवा होते असा समज होता. घरात सासू, नणंदा, आल्यागेल्या नात्याच्या बायका. त्यांना हे कसे रुचावे? टोमणे मारीत, अबोला धरीत. नवऱ्याला उलटून बोलायची कोणाची छाती नव्हती, म्हणून सगळा राग सुनेवर. रमाबाई दिवसभर घरकाम करीत, बोलणी खात, आणि रात्री पुन्हा पुस्तक उघडीत. उलट उत्तर दिले नाही, आणि पुस्तकही सोडले नाही. प्रौढ वर्गाला येणाऱ्या किती बायकांना हे ओळखीचे वाटेल! ‘आता या वयात काय मामलेदार व्हायचंय का?’ असे घरात ऐकूनच त्या वर्गाला येतात.

१६ जानेवारी १९०१ रोजी रानडे वारले. रमाबाई अडतीस वर्षांच्या होत्या. पूर्वीची रीत म्हणजे कोपऱ्यात बसून उरलेले आयुष्य काढायचे. यांनी तसे केले नाही. १९०९ साली पुण्यात सेवासदन उभे केले. तिथे विधवा आणि गरजू बायका लिहायला, वाचायला, शिवायला शिकत. कोणी शिक्षिका होई, कोणी दवाखान्यात रोग्यांची शुश्रूषा करायला शिके. बरे का, त्या दिवसांत चांगल्या घरच्या बाईने परक्या रोग्याला हात लावणे म्हणजे घराण्याला कलंक मानत. रमाबाईंनी एकेकीच्या घरी जाऊन समजूत घातली. येरवड्याच्या तुरुंगात जाऊन त्या कैदी बायकांशी बोलत. पुण्यात मुलींनाही सक्तीचे शिक्षण मिळावे म्हणून त्या झटल्या. १९१० साली त्यांनी ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. पाटीवर पहिले अक्षर नवऱ्याने काढून दिले, आणि नवऱ्याचे चरित्र बायकोने लिहिले. मराठीतल्या फार चांगल्या पुस्तकांपैकी ते एक आहे. भाषा सोपी आहे. थोडा सराव झाला की तुम्हालाही वाचता येईल. १९२४ साली त्या वारल्या.

तिसऱ्या रमाबाई म्हणजे पंडिता रमाबाई. यांना आणि रानड्यांच्या रमाबाईंना लोक फार वेळा एक समजतात. कारण दोघी एकाच काळातल्या, एकमेकींच्या ओळखीच्या, आणि दोघींनी पुण्यात स्त्रियांसाठी काम केले. पण दोघींची वाट किती वेगळी!

पंडिता रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे. ते तरुणपणी पुण्यात शिकत असताना पेशव्यांच्या वाड्यात एक बाईसाहेब संस्कृत शिकताना त्यांनी पाहिल्या. बायकांनी हे का शिकू नये, असे त्यांच्या मनाने घेतले. पुढे त्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले. त्यावर शास्त्रीमंडळी उठली. तेव्हा अनंतशास्त्री कर्नाटकात सह्याद्रीच्या रानात, गंगामूळ म्हणून जागा आहे, तिथे जाऊन राहिले. तिथेच २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाई जन्मल्या. आईनेच त्यांना संस्कृत शिकवले. पुढे हे कुटुंब तीर्थे हिंडू लागले. देवळात पुराण सांगायचे आणि मिळेल त्यावर पोट भरायचे. दक्षिणेत दुष्काळ पडला आणि उपासमारीत वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. उरली दोघे बहीणभाऊ. ती पायी चालत, उपाशीतापाशी, उत्तरेकडे गेली आणि १८७८ साली कलकत्त्याला पोहोचली.

तिथल्या पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली. तिचे संस्कृत ऐकून ते थक्क झाले. त्यांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ अशा पदव्या दिल्या. म्हणून तिच्या नावापुढे ना बापाचे आडनाव लागते, ना नवऱ्याचे. आपल्या विद्येच्या नावाने ती ओळखली जाते. माझ्या माहितीत आपल्याकडे अशी बाई विरळा.

भाऊ १८८० साली वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केले. जात वेगळी, प्रांत वेगळा. मुलगी झाली, तिचे नाव मनोरमा. आणि १८८२ साली पटकीने नवरा गेला. चोविसाव्या वर्षी विधवा, कडेवर तान्ही मुलगी. अशा स्थितीत त्या पुण्याला आल्या. रानड्यांनी आणि इतर सुधारकांनी त्यांना आधार दिला. त्यांनी आर्य महिला समाज काढला, व्याख्याने दिली. त्या सभांना रानड्यांच्या रमाबाई जाऊन बसत. घरच्या बायकांनी त्यावरूनही त्यांना छळले. त्याच साली शिक्षणाची चौकशी करायला सरकारचे हंटर कमिशन आले. पंडिता रमाबाईंनी त्यापुढे साक्ष दिली. मुलींना शिकवायला बायकाच शिक्षिका हव्यात आणि बायकांवर उपचार करायला स्त्री डॉक्टर हव्यात, असे त्यांनी सांगितले.

१८८३ साली त्या विलायतेला गेल्या. तिथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढे अमेरिकेला गेल्या, तिथे हिंदू स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले, पैसा उभा केला आणि मार्च १८८९ मध्ये मुंबईला ‘शारदा सदन’ काढले. विधवांसाठी शाळा आणि राहायची सोय. पुढच्या साली ते पुण्यास आणले. त्या सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली तिच्याशी लग्न केले. त्याच आनंदीबाई कर्वे.

पण सदनात मुलींना ख्रिस्ती करतात, अशी ओरड झाली. ‘केसरी’ने टीका केली. रानडे, भांडारकर यांनीही १८९३ साली सल्लागार म्हणून असलेला संबंध सोडला. यात कोणाचे किती खरे, यावर आजही लोक भांडतात. मला एवढे दिसते की टीका करणारे पुष्कळ होते, पण त्या विधवांना भाकरी आणि पुस्तक द्यायला त्यांतले थोडेच पुढे आले.

१८९६ साली मोठा दुष्काळ पडला. रमाबाईंनी स्वतः लहानपणी दुष्काळ पाहिला होता. त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली, विधवा यांना घेऊन आल्या. दौंड तालुक्यात केडगावला त्यांनी जमीन घेतली होती. तिथे ‘मुक्ती सदन’ उभे राहिले. विहिरी खणल्या, शेती केली, कापड विणले, छापखाना घातला. टाके जुळवण्यापासून छपाईपर्यंत सारे काम बायकाच करीत. आंधळ्यांना शिकवायची सोयही होती. म्हातारपणी रमाबाईंनी बायबल मराठीत आणले, त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकल्या. उतारवयात अक्षरे गिरवायची लाज वाटणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. १९२१ साली मनोरमा गेली, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या.

जाता जाता सांगतो. याच काळात एक रखमाबाई होत्या. नको असलेल्या लग्नाविरुद्ध त्या कोर्टात लढल्या आणि पुढे डॉक्टर झाल्या. नाव कानाला सारखे लागते, पण त्या वेगळ्या. त्यांचा धडा स्वतंत्र लिहायला हवा.

चौथ्या रमाबाई आंबेडकर. लोक यांना रमाई म्हणतात, आई म्हणतात. दापोलीजवळ वणंद गावात ७ फेब्रुवारी १८९८ रोजी यांचा जन्म झाला. वडील भिकू धोत्रे. दाभोळच्या बंदरात माशांच्या टोपल्या वाहून ते पोट भरीत. आईबाप लवकर गेले, काका मुलांना घेऊन मुंबईला आला. १९०६ साली भायखळ्याच्या बाजारात, मासळीचे गाळे रात्री रिकामे झाल्यावर, तिथेच भीमराव आंबेडकरांशी त्यांचे लग्न लागले. नवरी आठ वर्षांची, नवरा पंधरा वर्षांचा. मांडवाला पैसा कुठून आणायचा?

यांनी संस्था काढली नाही, पुस्तक लिहिले नाही, परदेश पाहिला नाही. नवरा १९१३ साली अमेरिकेला शिकायला गेला, पुन्हा १९२० साली विलायतेला. मागे संसार यांनी ओढला. घरात पैसा नसे. गोवऱ्या थापून विकल्या, असे सांगतात. पाच मुले झाली, त्यांतली चार लहानपणीच दगावली. एक यशवंत तेवढा राहिला. औषधाला पैसा नसणे म्हणजे काय, हे ज्याच्या घरात झाले त्यालाच कळते.

पंढरपूरला जाऊन विठोबाचे दर्शन घ्यावे अशी त्यांची फार इच्छा. पण अस्पृश्यांना देवळाच्या आत जाऊ देत नसत. ज्या देवाच्या दारात आपल्याला उभे करतात तिथे जायचे नाही, आपण दुसरे पंढरपूर उभारू, असे बाबासाहेबांनी त्यांना समजावले. त्यांची ती इच्छा राहिली. २७ मे १९३५ रोजी दादरच्या ‘राजगृह’ या घरी त्या वारल्या. पंढरपूरचे देऊळ अस्पृश्यांना उघडे झाले ते १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर.

बाबासाहेब त्यांना घरात रामू म्हणत. १९४० साली त्यांनी पाकिस्तानच्या प्रश्नावर एक मोठा इंग्रजी ग्रंथ लिहिला. तो त्यांनी बायकोच्या स्मृतीला अर्पण केला आहे. तिचे मन, तिचा स्वभाव आणि हलाखीच्या दिवसांत तिने दिलेली साथ, यांबद्दल तिथे चार ओळी आहेत. त्यात तिचे नाव रमाबाई आंबेडकर असे लिहिलेले नाही. नुसते ‘रामू’ लिहिले आहे.

वाचून झाल्यावर वहीत लिहा :
१. यमुना कुर्लेकर या पुढे कोणत्या नावाने ओळखल्या गेल्या?
२. केडगावचे सदन कोणत्या रमाबाईंनी उभारले?
३. तुमच्या गावात एकाच नावाची दोन माणसे आहेत का? गाव त्यांना कसे ओळखते? त्या दोघांची पूर्ण नावे लिहा.