एका होडीला तांडेल किती?

प्रश्न : मांडवीला, जेट्टीपासून पाच मिनिटांवर आमचं आठ खोल्यांचं घरगुती निवास आहे. एप्रिल-मे महिन्यांत पर्यटक आणि हापूसच्या पेट्या, दोन्हींची एकदमच झुंबड उडते. पुण्याला कंपनीत असलेल्या पुतण्याने खोल्यांचं बुकिंग आणि पेट्यांच्या ऑर्डरी क्लाउडवर टाकून दिल्या. आता तो म्हणतो, ‘काका, डेटाबेस एकाच सर्व्हरवर ठेवणं धोक्याचं. तिघांचा क्लस्टर करू.’ एक बिघडला तर दुसरा, इथवर मला पटतं. घरात इन्व्हर्टर असतो, तसाच हा. पण तिसरा कशाला? आणि क्लाउड म्हणजे मुळात बंद न पडणारी वस्तू ना?

ता. क. : वादळात आमच्याकडे लाईट आणि नेट दोन्ही जातं. तेव्हा या तीन सर्व्हरांचं काय लोणचं घालायचं?

– एक वाचक, मांडवी, रत्नागिरी

उत्तर : तुम्ही ज्या गावात राहता, तिथे या प्रश्नाचं उत्तर रोज डोळ्यांसमोरून जातं. मांडवीच्या काळ्या वाळूत उभं राहून एखादी होडी बघत बसा. उजव्या हाताला रत्नदुर्गाच्या टोकाला वळसा घालून ती मिरकरवाड्याकडे निघाली, की थोड्या वेळाने दिसेनाशी होते. बुडाली का? नाही, डोंगराआड गेली. पण किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाला बुडालेली होडी आणि आड गेलेली होडी सारखीच दिसते, म्हणजे दिसत नाही. सर्व्हरांचं दुखणं नेमकं हेच आहे.

समजा, तुमचे दोनच सर्व्हर आहेत. पहिला मुख्य. बुकिंग त्याच्याकडे येतं आणि तो प्रत्येक नोंदीची नक्कल दुसऱ्याला पाठवत राहतो. एके दिवशी दोघांमधली तार तुटते. दुसरा म्हणतो, पहिल्याचा आवाज येत नाही, म्हणजे तो मेला, आता मीच मुख्य. पहिला तर ठणठणीत आहे. त्याला वाटतं, दुसरा मेला, आपलं काम आपण चालू ठेवू. मग चार नंबरची खोली पहिला सर्व्हर साताऱ्याच्या कुटुंबाला देतो आणि तीच खोली, त्याच तारखेला, दुसरा सर्व्हर कोल्हापूरच्या कुटुंबाला देतो. दोघांकडे पैसे भरल्याचा मेसेज. शनिवारी सकाळी दोन्ही गाड्या तुमच्या दारात. या रोगाला संगणकवाले ‘स्प्लिट ब्रेन’ म्हणतात. तुमच्याकडे सांगायचं तर एका होडीला दोन तांडेल, म्हणजे दोन म्होरके, झाले.

म्हणून इन्व्हर्टरची उपमा इथे लंगडी पडते. इन्व्हर्टरला काही लक्षात ठेवायचं नसतं. वीज मंडळाची असो की बॅटरीची, पंखा फिरल्याशी कारण. डेटाबेसला मात्र लक्षात ठेवण्याखेरीज दुसरं कामच नाही. दोन ठिकाणी दोन वेगळ्या आठवणी तयार झाल्या, की त्या पुन्हा एक करणं हे बंद पडण्यापेक्षा महागात पडतं.

किती महागात, ते ऐका. 21 ऑक्टोबर 2018 ला गिटहब या जगभरच्या प्रोग्रामरांच्या कोठाराची अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची जोडणी दुरुस्तीच्या कामात तुटली. किती वेळ? 43 सेकंद. तेवढ्यात त्यांच्या यंत्रणेने पश्चिम किनाऱ्यावरच्या सर्व्हरांना मुख्य नेमलं. पण पूर्वेकडे काही नोंदी आधीच लिहिल्या गेल्या होत्या, त्या पश्चिमेला पोहोचल्या नव्हत्या. नंतर पश्चिमेकडेही नव्या नोंदी पडल्या. आता खरं कोणाचं धरायचं? वापरणाऱ्यांचं काही गमवायचं नाही म्हणून त्यांनी सावकाश सगळं जुळवलं, आणि कारभार पूर्ववत व्हायला 24 तास 11 मिनिटं लागली.

तर तिसरा हवा तो मतासाठी. नियम साधा आहे. ज्याच्या बाजूला निम्म्याहून जास्त मतं, तोच मुख्य. तिघांत तार तुटली, तर एका बाजूला दोघं पडतील आणि दुसऱ्या बाजूला एक. दोघांच्या बाजूला बहुमत आहे, ते आपल्यातला तांडेल निवडतात. एकटा पडलेला मोजून बघतो, ‘माझ्याकडे एकच मत,’ आणि तो मुख्य असला तरी स्वतःहून खाली उतरतो. तो जिवंत आहे की नाही, हा वादच उरत नाही. दोघांत ही गंमत जमत नाही, कारण एकास एक झालं की बहुमत कोणाचंच नाही. चार घेतले तरी जादा फायदा शून्य. चारांत बहुमताला तीन लागतात, म्हणजे तिघांसारखाच एकच बिघाड सोसतो. म्हणून हे आकडे नेहमी विषम. तीन, पाच, फार तर सात.

तिसऱ्याने सगळा डेटा बाळगलाच पाहिजे असंही नाही. नुसता मत देणारा बारकासा साक्षीदार चालतो, आणि तो स्वस्तात मिळतो. पुतण्याने तीन जाडजूड सर्व्हरांचा हिशोब मांडला असेल, तर हे त्याला जरूर विचारा.

ही मतमोजणी बिनचूक करण्याची एक रीत स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या डिएगो ओंगारो आणि जॉन ओस्टरहाऊट यांनी 2014 मध्ये मांडली. नाव ठेवलं ‘रॅफ्ट’. म्हणजे तराफा! ती वापरणारं ‘एटसीडी’ नावाचं छोटं भांडार आहे. कपडे आणि चपला विकणाऱ्या झालांडो या जर्मन कंपनीने पोस्टग्रेस डेटाबेस सांभाळायला ‘पॅट्रोनी’ हे साधन केलं आणि सर्वांना फुकट दिलं. तुमचा पुतण्या बहुधा ही जोडी वापरू म्हणत असेल. तिच्यात तांडेलकी कायमची मिळत नाही, ती मुदतीच्या पट्ट्याने मिळते. नेहमीच्या मांडणीत पट्टा 30 सेकंदांचा असतो. मुख्य सर्व्हर मुदतीआधी तो वाढवून घेत राहतो. वाढवता आला नाही, तर स्वतः पद सोडतो, आणि पट्टा संपल्यावरच दुसरा तो आपल्या नावावर करू शकतो. म्हणजे मधले काही सेकंद होडीवर कोणीच तांडेल नसतो. ते चालतं. दोन असणं चालत नाही.

आता क्लाउड. नावावरून आकाशात काही तरंगतंय असं वाटतं खरं, पण ती दुसऱ्याच्या मालकीची, भाड्याने दिलेली, दगडविटांच्या इमारतींतली यंत्रं आहेत. मायक्रोसॉफ्टने 2015 मध्ये पुण्यात आणि ॲमेझॉनने 2016 मध्ये मुंबईत अशी केंद्रं थाटली. ती बंद पडतात. जळतातसुद्धा. 10 मार्च 2021 ला फ्रान्समधल्या स्ट्रासबूर्ग इथे ओव्हीएच कंपनीची एक अख्खी इमारत आगीत गेली. ज्यांनी मूळ आणि नक्कल दोन्ही तिथेच ठेवली होती, त्यांचं दोन्ही गेलं.

यावरचा उपाय तुम्हाला न शिकवता कळेल. तिन्ही होड्या एकाच खुंट्याला बांधायच्या नाहीत. मुंबईसारख्या केंद्रात कंपन्या एकाच शहराच्या परिसरात वेगवेगळे विभाग ठेवतात. इमारत वेगळी, वीज वेगळी, तारा वेगळ्या. तिथे तीन सर्व्हर तीन विभागांत टाकायचे. विभाग जवळ असल्याने एक चैन परवडते. मुख्य सर्व्हर नोंद लिहितो, दुसऱ्या विभागातून पोचपावती येईपर्यंत थांबतो, आणि मगच गिऱ्हाईकाला ‘खोली पक्की’ म्हणतो. मुख्य सर्व्हर त्याच क्षणी जळाला तरी पक्की केलेली खोली हरवत नाही.

मग दुसरी प्रत थेट चेन्नईला ठेवून तिचीही पोचपावती का घेऊ नये? कारण काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, त्याहून वेगात नाही. मुंबई ते चेन्नई सरळ रेषेत हजार किलोमीटरच्या वर. जाऊन-येऊन 10 मिलिसेकंद तर नुसता प्रवासच, तारा वळणावळणाने जातात ते वेगळं. एका बुकिंगला ते जाणवणार नाही. पण सेकंदाला हजारो नोंदी होतात तिथे प्रत्येकीने पोचपावतीसाठी ताटकळायचं म्हणजे रांगच लागते. म्हणून दूरची प्रत पावती न मागता, थोडी मागे राहून चालते. संकटात तिच्यावर जायचं म्हणजे शेवटच्या काही नोंदींवर पाणी सोडायची तयारी हवी.

आपल्याच मुंबईतला एक किस्सा मला यातला सर्वांत बोलका वाटतो, जरी ती यंत्रणा भाड्याच्या क्लाउडवरची नव्हती. 12 ऑक्टोबर 2020 ला सकाळी मुंबई महानगराची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, पण शेअर बाजार सुरू राहिले. जनरेटर वगैरे सगळी तयारी होती. चार-साडेचार महिन्यांनी, 24 फेब्रुवारी 2021 ला वीज नीट असताना राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार 11 वाजून 40 मिनिटांनी थांबवावे लागले. दोन वेगवेगळ्या दूरसंचार कंपन्यांच्या लिंका घेतलेल्या होत्या आणि दोन्हींत बिघाड झाला. चेन्नईला पर्यायी केंद्र होतं, पण कारभार तिकडे हलवला गेला नाही. पावणेचारला बाजार पुन्हा उघडला आणि त्या दिवशी पाचपर्यंत चालवला.

वीज गेल्याचं सोसलं आणि तार तुटल्याचं सोसलं नाही. वीज जाते तेव्हा काय गेलं ते सगळ्यांना कळतं. तार अर्धवट तुटते तेव्हा ‘थांबू, येईल परत’ की ‘सोडा आता, हलवा चेन्नईला’ हा निर्णय माणसांना घ्यावा लागतो, आणि अशा वेळी कोणाचाही हात अडखळतो. शेअर बाजारांवर देखरेख करणाऱ्या सेबीने पुढच्याच महिन्यात नियम घालून दिला की, बिघाड झाल्यापासून 30 मिनिटांत ‘आपत्ती’ जाहीर करायची, तिथून 45 मिनिटांत पर्यायी केंद्रावरून काम सुरू करायचं, आणि नोंदींचं नुकसान 15 मिनिटांपेक्षा जास्त होऊ द्यायचं नाही. माझ्या मते यातली पहिली 30 मिनिटंच सर्वांत मोलाची. यंत्र घेता येतं, पण कबूल कधी करायचं हे आधी ठरवून ठेवावं लागतं.

ठरवलेलं अंगवळणी पाडावंही लागतं. 2 मार्च 2024 ला शनिवार असून बाजार मुद्दाम भरवले आणि मधल्या वेळात कारभार पर्यायी केंद्रावर नेऊन खरे व्यवहार करून पाहिले. तुमच्याकडे 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा जाळी विणून आणि होड्यांची डागडुजी करून घेतात ना, तसंच. पर्यटक नसतील अशा एखाद्या पावसाळी मंगळवारी पुतण्याला सांगा, मुख्य सर्व्हर मुद्दाम बंद कर आणि बुकिंग चालतंय का दाखव. बहुतेक वेळा दुसरा सर्व्हर व्यवस्थित उभा राहतो, पण वेबसाइट मात्र जुन्याच पत्त्यावर दार वाजवत बसते. हे मे महिन्यात कळण्यापेक्षा जुलैत कळलेलं बरं.

आणखी एक गैरसमज आहे, तो तुम्ही विचारला नाहीत तरी सांगतो. क्लस्टर म्हणजे बॅकअप नव्हे. क्लस्टर आज्ञाधारक असतो. तुम्ही चुकून मे महिन्याची सगळी बुकिंगं पुसलीत, तर तो तिन्ही ठिकाणी तत्परतेने पुसून देतो. 31 जानेवारी 2017 ला गिटलॅब या कंपनीत रात्री उशिरापर्यंत राबणाऱ्या एका इंजिनिअरने दुय्यम सर्व्हरवरचं डेटाबेसचं फोल्डर पुसायचं म्हणून मुख्य सर्व्हरवरचंच पुसलं. बॅकअपच्या अनेक सोयी होत्या, पण हात घातल्यावर कळलं की त्या चालतच नव्हत्या. सहा तासांपूर्वी चाचणीसाठी योगायोगाने काढलेली एक नक्कल सापडली म्हणून निभावलं. मधल्या सहा तासांच्या नोंदी गेल्या त्या गेल्याच. कंपनीने हे सगळं उघडपणे लिहून ठेवलं, म्हणून तर ते आज आपल्याला ठाऊक आहे. त्यामुळे रोजचा बॅकअप वेगळ्या जागी हवा, आणि तो कधीतरी परत चढवूनही बघायला हवा.

आता खरं सांगू? पुतण्याचं शास्त्र बरोबर आहे, पण आठ खोल्यांसाठी स्वतःचा क्लस्टर बांधू नका. तो बांधला की रात्री दोन वाजता उठणारा माणूसही लागतो, आणि पुतण्याची पुण्यात नोकरी आहे. क्लाउड कंपन्यांची सांभाळलेली सेवा घ्या, दुसऱ्या विभागात राखीव सर्व्हर असलेली. ॲमेझॉनच्या आरडीएस सेवेत असा बदल साधारण एक ते दोन मिनिटांत होतो आणि मुख्य कोण हे ठरवणं त्यांच्या अंगावर असतं. बिल एका सर्व्हरच्या जवळपास दुप्पट येतं. तेही जड वाटत असेल, तर एकच सर्व्हर आणि चोख बॅकअप यांवर सुरुवात करा. वर्षात 99.9 टक्के वेळ चालू म्हणजेही पावणेनऊ तास बंद, आणि घरगुती निवासाला पावणेनऊ तास सोसवतात. शेअर बाजाराला सोसवत नाहीत.

राहिला ताजा कलम. मे 2021 मधलं तौक्ते वादळ तुमच्या किनाऱ्याजवळूनच वर सरकलं, त्यामुळे लाईट आणि नेट गेलं की काय होतं, ते तुम्ही मला सांगायचं, मी तुम्हाला नाही. मुंबईतले तीन सर्व्हर ठणठणीत असतील आणि तुम्ही मांडवीत अंधारात बसला असाल. तेव्हा क्लस्टरचा तुम्हाला उपयोग नाही. तेव्हा वही.

पण वहीचाही एक धोका आहे, आणि तो वर सांगितलेलाच. तुमचं नेट गेलंय हे पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाईकाला माहीत नसतं. वेबसाइट खोल्या विकत राहते. इकडे दारात भिजून आलेल्या माणसाला तुम्ही वहीत लिहून खोली देता. म्हणजे वही हा दुसरा तांडेल झाला. यासाठी आधीच वाटणी करून ठेवा. एक आणि दोन नंबरच्या खोल्या वेबसाइटवर कधीच टाकायच्या नाहीत, त्या फक्त वहीच्या. उरलेल्या सहा फक्त सर्व्हरच्या, नेट नसताना त्यांच्या किल्ल्यांना हात लावायचा नाही. पेट्यांचंही तसंच, रोजच्या ढिगातल्या काही पेट्या वहीच्या नावाने बाजूला. आणि वादळ ओसरल्यावर वहीतल्या नोंदी संगणकात चढवण्याचं काम घरातल्या एकाच माणसाकडे द्या.