टर्बोच्या आधी टायर

ऐक ना, तुझा मेसेज वाचला, फोटोही सगळे बघितले. लाल रंग, 1991 चं मॉडेल, उघडझाप करणारे दिवे. माझ्दा मियाटा घेतलीस ते उत्तम केलंस. आई विचारेल, "दोनच सीटा? मग आम्ही आलो की बसायचं कुठे?" ते तुझं तू निस्तर. मला घोर लागलाय तो तुझ्या शेवटच्या ओळीचा. बोनसमधले अडीच हजार डॉलर उरलेत आणि तुला त्यात टर्बो बसवायचाय. बाई गं, थांब जरा. थोरली म्हणून सांगते, राग आला तरी चालेल, पण आधी सगळं ऐकून घे.

तू घेतलीस ती गाडी मुळात जोरासाठी बनलेलीच नाही. 1989 च्या फेब्रुवारीत शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ती पहिल्यांदा लोकांसमोर आली, तेव्हाही तिचं इंजिन 1.6 लिटरचं, 116 हॉर्सपॉवरचंच होतं. पण वजन हजार किलोच्या आसपास, पुढच्या-मागच्या चाकांवर ते जवळपास निम्मं निम्मं वाटलेलं, आणि चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन. तोशिहिको हिराई या प्रमुख इंजिनिअरने हलकेपणाचा अगदी हट्ट धरला होता. त्यामुळे सिग्नल सुटला की शेजारची मिनीव्हॅनसुद्धा तुझ्या पुढे निघून जाईल, आणि जाऊ दे. सांताक्रूझच्या डोंगरातल्या वळणांवर ती मिनीव्हॅन कुठे असेल ते बघ. ही गाडी वळणांसाठी आहे, आणि तीस-पस्तीस वर्षांत तिची हीच गंमत आटलेली असते. इंजिन सहसा ठणठणीत असतं. वाळतं, कडक होतं, चिरतं ते रबर. टायर, बुश, होजपाइप, शॉक ॲब्सॉर्बरच्या दांड्यावरचे बंपस्टॉप, सगळं. अशा गाडीला टर्बो लावणं म्हणजे गुडघे गेलेल्या माणसाला धावायचे बूट आणून देणं.

म्हणून पहिले सहाशे-सातशे डॉलर बाजूला काढ ते दिसायला काहीच न देणाऱ्या कामांना. मैत्रिणींना दाखवता येणार नाही, पण करायचं. टायमिंग बेल्ट कधी बदललाय याची पावती पहिल्या मालकाने दिली का? नसेल तर बदललेला नाही असंच समज. साठ हजार मैलांना तो बदलायचा असतो. तुझ्या इंजिनाचं एक बरं आहे, बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटत नाहीत. गाडी फक्त रस्त्यात बंद पडते. पण 101 हायवेवर रात्री अकरा वाजता बंद पडली तर हे "फक्त" तुला कळेल. बेल्ट बदलतानाच वॉटर पंप आणि सील उरकून घे, तिथवर पोचायची मजुरी पुन्हा द्यावी लागत नाही.

आणि हे नीट लक्षात ठेव, कारण तुझी गाडी 1991 ची आहे. सुरुवातीच्या गाड्यांचा क्रँकशाफ्ट पुढच्या टोकाला आखूड होता. पूर्वी कुणी बेल्ट बदलताना तिथला मोठा बोल्ट नीट आवळला नसेल, तर चावी आणि तिची खाच झिजत जाते आणि एके दिवशी क्रँकच कामातून जातो. 91 मध्येच मधे कधीतरी कंपनीने तो लांब केला, त्यामुळे तुझी कुठली ते बघावं लागेल. बॉनेट उघड, क्रँकच्या पुलीच्या तोंडाशी असलेल्या खाचा मोज. चार असतील तर आखूड, आठ असतील तर लांब. चार निघाल्या तर गाडी चालू ठेवून पुली डुगडुगते का ते बघ. डुगडुगत असेल तर सगळा खर्च थांबव आणि आधी मला फोन कर.

रेडिएटरची वरची प्लॅस्टिकची टाकी मूळची काळी असते. ती हिरवट-तपकिरी पडली असेल तर ती कधीही तडकू शकते. नवा रेडिएटर काही फार महाग नाही. तापून वाकलेलं सिलिंडर हेड मात्र महाग. सीटच्या मागे, कापडी टपाच्या खाली, पाणी निचरायच्या दोन नळ्या आहेत. त्यात पानं अडकली की पाणी दाराखालच्या पत्र्यात साचतं आणि आतून गंज धरतो. एक लवचीक तार घालून त्या मोकळ्या कर, याला पैसेही लागत नाहीत.

आता मजेची खरेदी. टायर. तुझ्या टायरच्या बाजूवर डॉट या अक्षरांनी सुरू होणारा नंबर असतो, त्याच्या शेवटी चार आकडे असतात. 2316 असेल तर 2016 सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. अशा गाड्या वर्षाला दोन-तीन हजार मैलच फिरतात, त्यामुळे नक्षी नव्यासारखी दिसते आणि रबर मात्र लाकूड झालेलं असतं. हे टायर बदलल्यावर गाडी जेवढी बदलते तेवढी दुसऱ्या कुठल्याही एका वस्तूने बदलत नाही. ट्रेडवेअर 200 लिहिलेले घे. रोज ऑफिसला न्यायची असेल तर 300 चे, थोडे जास्त टिकतात.

चाकांवर मात्र उधळू नकोस. दुकानदार 17 इंची चकचकीत रिम दाखवेल, तिकडे बघू नकोस. जड चाक या गाडीचा नाजूकपणाच मारून टाकतं. मूळची 14 इंची सात आऱ्यांची रिम फार हलकी आहे, ती ठेवलीस तरी काही बिघडत नाही. अडचण एवढीच की 14 इंचात चांगले टायर आता फारसे मिळत नाहीत. 15 इंची घ्यायचीच असतील तर सेकंडहँड शोध. बोल्टची मांडणी 4 बाय 100 आहे, जुन्या होंडा सिव्हिकचीच, त्यामुळे माल भरपूर. त्यावर 195/50 चे टायर बसतात.

त्यानंतर शॉक ॲब्सॉर्बर. मूळचेच असतील तर आता त्यांच्यात जीव नाही. इथे लोक हमखास फसतात, कारण गाडी खाली बसलेली दिसली की ती वेगवान वाटते. मग स्वस्तातल्या आखूड स्प्रिंग येतात. मियाटाच्या सस्पेन्शनला वर जायला मुळातच जागा थोडी आहे. अजून खाली केलीस की ती सारखी बंपस्टॉपवर आपटत राहते, वळणात मधेच उडते आणि तुझी पाठ जाते ती वेगळीच. मूळच्याच स्प्रिंगवर कोनी किंवा बिलस्टीनचे चांगले शॉक आणि नवे बंपस्टॉप घाल. सेटला सातशे ते हजार डॉलर धर. तुझ्या यादीतली सगळ्यात मोठी रक्कम हीच, आणि मी असते तर इथे काटकसर केली नसती.

मग अलाइनमेंट. हा शंभर-दीडशे डॉलरचा खर्च लोक विसरतात. या गाडीत चारही चाकांचा कँबर आणि टो बदलता येतो, कारखान्यानेच तशी सोय दिलीय. पण ते बोल्ट जुन्या गाडीत गंजून बसतात, म्हणून आदल्या दोन-तीन दिवसांत त्यांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेव. पुढे एक अंशाच्या आसपास निगेटिव्ह कँबर, मागे दीडच्या आसपास, मागच्या चाकांना किंचित टो-इन. नुसतं "स्पेकमध्ये बसवा" म्हणालीस तर तो मिनीव्हॅनसारखी करून देईल. आकडे कागदावर लिहून ने.

ब्रेकला डॉट 4 फ्लुइड, बरे पॅड आणि चिरलेले होज असतील तर नवे. बस. 94 पासूनच्या 1.8 लिटरच्या गाडीला थोड्या मोठ्या डिस्क आहेत आणि त्या भंगारातून काढून तुझ्या गाडीला बसवता येतात, पण त्याची गरज पडेपर्यंत तुला वर्ष-दोन वर्षं गाडी हाणावी लागेल.

एअर इनटेक आणि सायलेन्सर यांच्याबद्दल एवढंच, की त्यातून आवाज मिळतो. ताकद मिळाली तर ती तुझ्या लक्षात येणार नाही इतकीच. आवाज आवडत असेल तर हौस म्हणून घे, हौसेला मी कधी नाही म्हटलंय? मात्र कॅलिफोर्नियात राहतेस हे विसरू नकोस. दर दोन वर्षांनी स्मॉग चेक आहे, तुझ्या गाडीइतक्या जुन्या गाडीच्या धुराच्या नळीत यंत्र घालून धूर तपासतात, आणि इंजिनाच्या बाजूच्या नव्या पार्टवर राज्याचा मंजुरीचा ईओ नंबर आहे का तेही बघतात. नसेल तर नापास. आणि पुढे कधी लगुना सेकाच्या ट्रॅकवर गेलीस तर तिथे आवाज मोजतात, मर्यादा ओलांडली की ट्रॅकवरून बाहेर.

आता तुझा टर्बो. किट म्हणून जी किंमत दिसते तिथे खर्च फक्त सुरू होतो. त्यासोबत इंजिनाचा वेगळा कॉम्प्युटर आणि त्याचं ट्यूनिंग, नवा क्लच. तुझ्या 1.6 मधलं डिफरन्शियल लहान आहे, टर्बोच्या जोराने त्याचे दाते तुटतात, म्हणून 1.8 चं शोधायचं. हे इंजिन मूळचं पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या गाडीत आडवं बसवायचं, त्यामुळे उभं बसवल्यावर कूलंट मागच्या सिलिंडरला नीट पोचत नाही. टर्बो लावला की कूलंटचा रस्ताही बदलावा लागतो. वर स्मॉगचा प्रश्न आहेच. अडीच हजार कुठल्या कुठे जातील, आणि टायर जुनेच राहतील.

उरलेल्या पैशांतून ऑटोक्रॉसला ये. रिकाम्या पार्किंगमध्ये शंकू मांडलेले असतात, एकेक गाडी सुटते, शंकू पाडला की दोन सेकंद दंड. अनेक ठिकाणी शिकवायला जुनेजाणते लोक शेजारी बसतात, फुकट. दुसऱ्या गिअरच्या वर फारसं जावं लागत नाही, म्हणून भीतीचंही कारण नाही. पुढे मोठ्या ट्रॅकवर जायचं ठरवलंस तर आधी रोलबार, त्यावर घासाघीस नाही. रोलबारपासून विंडशील्डच्या वरच्या कडेपर्यंत काठी टेकवून बघतात, डोकं तिच्या खाली हवं. उंच लोक बिचारे सीटचा फोम कापत बसतात. आपल्या घराण्यात ती अडचण कुणालाच नाही.

तर कार्टमधला टर्बो काढ. शनिवारी टायरवरचे चार आकडे आणि पुलीच्या खाचा, दोन्हींचे फोटो मला पाठव. टायर कुठून घ्यायचे ते मग ठरवू. आणि हेल्मेट विकत घेऊ नकोस, माझ्याकडे एक जास्तीचं आहे.