पावसाळा, सायकल आणि घर्षण

बेळगावात पावसाची झड लागली की उतारावर सायकलचा ब्रेक नीट लागत नाही, हा आपणा सर्वांचा अनुभव आहे. ब्रेक तोच, सायकल तीच. मग बिघडते काय?

दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासताना गतीला जो विरोध होतो, त्याला घर्षण म्हणतात. ब्रेकचे रबर रिमवर दाबले की घर्षणाने चाक मंदावते. पावसात रबर आणि रिम यांच्यामध्ये पाण्याचा थर येतो आणि घर्षण कमी होते. कॅरमवर आपण पावडर टाकतो ती मुद्दाम. इथे तेच काम पाणी नकळत करते. ओल्या रस्त्यावर टायरची पकडही अशीच कमी होते.

आता एक हिशेब पाहू. वेग दुप्पट झाला, तर ब्रेक लावल्यावर थांबायला चौपट अंतर लागते. ताशी १० किलोमीटर वेगाला २ मीटर लागत असतील, तर २० ला ८ मीटर लागतील.

म्हणून उतार लागण्याआधीच वेग कमी करू. दोन्ही ब्रेक हलके दाबून रिमवरचे पाणी पुसून घेऊ. पुढच्या सायकलपासून नेहमीपेक्षा जास्त अंतर ठेवू. शाळेत दोन मिनिटे उशिरा पोहोचलो तरी चालेल; सुखरूप पोहोचणे महत्त्वाचे!